मत पटलं नाही म्हणून शिवी आली? ह्या चुका टाळा

उन्हाळा लागला की आमच्या लातूरकडं हॉटेलात, पारावर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय, पाणी. आणि पाण्यावर बोलणं निघालं की तिसऱ्या वाक्याला ऊस येतो अन् पाचव्या वाक्याला कुणाचा तरी बाप. लई वर्षं हेच बघायलोय, अन् मधी काही वर्षं मी पण त्यातलाच होतो, म्हणून लिहायलोय.

शिवीला उत्तर देणं अन् मुद्दा सोडणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या हिच्या लेकी.

2016 चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हॉटेलात मी म्हणलो, प्यायचं पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली अन् आपण बोअरवर ऊस उभा करायलोत, ठिबक तरी करा नाहीतर सोयाबीन-तुरीवर या. तिथं नात्यातलेच एक मामा बसलेले. म्हणले, "पगारावर जगणाऱ्यानं आम्हाला शेती शिकवू नये. आयतखाऊ कुठला! सोयाबीनला भाव तू देणार का? उसाला एफआरपी तरी आहे."

आता नीट बघा, ह्यात एक शिवी आहे अन् एक एकदम खरा मुद्दा आहे. उसाला एफआरपी म्हणजे कायद्यानं ठरलेला दर मिळतो, कारखाना ऊस नेतो, सोयाबीनवाला मात्र आडतीत जो भाव निघंल तो घेऊन घरी येतो. ह्याच्यावर बोलायला पाहिजे होतं. पण मला भाव ऐकूच आला नाही, फक्त 'आयतखाऊ' ऐकू आलं. मी म्हणलो, "तुमचे चार बोअर कोरडे गेले तवा ह्याच आयतखाऊच्या बापाकडं हात पसरला होता की." पूर्ण हॉटेल गप. मामा चहा तसाच सोडून उठले, माझ्या बहिणीच्या लग्नाला आले नाहीत, आणि खुन्नस म्हणून त्या साली अर्धा एकर ऊस वाढवला. मी पाणी वाचवायला गेलो होतो!

तवापासून माझी सवय अशी की शिवी आली की कप उचलायचा अन् खाली ठेवेपर्यंत बोलायचं नाही. मग फक्त, "ते आयतखाऊ राहू द्या मामा, भावाचं काय म्हणलात?" हेच वाक्य दात विचकून म्हणलं तर ती दुसरी शिवीच होते, हे ध्यानात ठेवा. आमची तरुण पोरं एकदा करून बघतात, समोरचा गप झाला नाही की "ह्यानं काय होत नाही भाऊ" म्हणून परत आय-बहिणीवर. अरे बाबा, ऊस सुद्धा बारा महिने घेतो, तुला एका चहात माणूस बदलायचाय.

शिवी नसलेल्या शिवीला भिडणं

आमच्याकडं दोस्तीतलं वाक्य शिवीशिवाय सुरूच होत नाही. आधी आवाज अन् तोंड बघा, मग चिडा.

"थांब, केस करतो"

साध्या शिवीगाळीला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 504 लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 352. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात एनसी लिहून घेतात अन् मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. हे समोरच्याला पण माहीत असतं, त्यामुळं धमकी दिली की तो हसतो.

पण जातीवरून बोलला तर ते 'मत पटलं नाही' ह्यात बसत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघात जातीवरून अपमानित केलं तर 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आहे. अशा वेळी पैठणच्या नाथांची गोष्ट सांगणारे भेटतात, एक जण पुन्हा पुन्हा थुंकला अन् नाथ दर वेळी गोदावरीत आंघोळ करून आले म्हणून. सांगणारा कधी स्वतःवर थुंकून घेत नाही. तिथं कप बिप उचलू नका, कोण कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि सरळ ठाण्यात जा.

बारक्या चुका

"तुझं शिक्षण किती" विचारणं. पिलेल्या माणसाला उत्तर देणं. भांडण घरी आणून बायकोला न्याय मागणं (ती समोरच्याच्या बाजूनं निघते, अनुभव आहे).

माफीत 'पण' घालणं

दसऱ्याला सोनं घेऊन मी मामाकडं गेलो. पाया पडलो, म्हणलो, "चुकलो मामा, पण तुम्ही बी आयतखाऊ म्हणलात की." मामीनं हातात आणलेला चहा तसाच परत आत नेला.

पुढच्या दसऱ्याला 'पण' घरी ठेवून गेलो. मामा म्हणले, "बस." चहा आला. ऊस अजून उभाच आहे त्यांचा, अन् ठिबकाचं मी त्या दिवशी काढलं नाही.