शहर पोलीस दलातील पदोन्नती : यादीत नाव कसे लागते आणि कुठे अडते

मराठवाड्यात पोलीस आयुक्तालय एकच आहे, ते छत्रपती संभाजीनगरचे. बाकी सर्वत्र पोलीस अधीक्षकांचा कारभार चालतो. पदोन्नतीचा विचार करताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण शिपाई ज्या घटकात, म्हणजे ज्या आयुक्तालयात किंवा जिल्हा पोलीस दलात, भरती होतो, त्या घटकाच्याच ज्येष्ठता यादीत त्याचे नाव राहते. संभाजीनगर शहर आणि संभाजीनगर ग्रामीण यांची मुख्यालये एकाच गावात असली तरी याद्या वेगळ्या आहेत. त्यामुळे एकाच वर्षी भरती झालेल्या दोन मावसभावांपैकी एक हवालदार झालेला असतो आणि दुसरा अजून शिपाईच असतो, असे घडू शकते. यात कोणाचा वशिला असतोच असे नाही. वरची पदे कोणत्या घटकात किती रिकामी झाली, एवढाच तो प्रश्न असतो.

आस्थापना शाखेच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली आणि तिथे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ तात्पुरत्या ज्येष्ठता यादीत सापडत असे. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीनुसार ही यादी तयार करून प्रसिद्ध केली जाते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. यादी आपल्या पोलीस ठाण्यात आली की, बंदोबस्त कितीही असला तरी, ती स्वतः वाचावी. आपले नाव, बक्कल नंबर (बिल्ल्याचा क्रमांक), जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि प्रवर्ग हे रकाने सेवापुस्तकाशी ताडून पाहावेत आणि आपल्या वर-खाली कोण आहे तेही पाहावे. एकाच भरतीतील उमेदवारांची आपापसातील ज्येष्ठता निवड यादीतील गुणवत्ता क्रमाने ठरते. कोण आधी हजर झाला किंवा कोणाचा बक्कल नंबर लहान आहे, यावर ती ठरत नाही, आणि या एका गैरसमजापायी किती अर्ज वाया जातात ते मी पाहिले आहे. एका हवालदाराच्या सेवापुस्तकात नेमणुकीचे वर्ष लिहिताना कारकुनाच्या हातून शेवटचा आकडा चुकला होता. आकड्याच्या शेपटीचा फरक, पण चूक सात याद्यांमध्ये तशीच उतरत गेली आणि आठव्या वर्षी, त्याच्या मागचे लोक पुढे गेल्यावर, ती लक्षात आली. मुदतीत एका कागदावर हरकत दिली असती आणि पोच घेतली असती, तर ते काम आठवड्यात झाले असते.

आपल्या भागातील मुलांसाठी दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बीड, परभणी, हिंगोलीची कितीतरी मुले मुंबई-ठाण्याच्या भरतीत लागतात आणि पुढे आईवडील थकले, शेती पाहायला कोणी उरले नाही, म्हणून आंतरजिल्हा बदली मागतात. विनंतीवरून अशी बदली झाली की नव्या घटकात नाव ज्येष्ठता यादीच्या तळाशी जाते. पगार व निवृत्तिवेतनासाठी जुनी सेवा धरली जाते; पदोन्नतीच्या रांगेत मात्र उभे राहायचे ते शेवटी. अर्जासोबत ज्येष्ठता सोडण्याचे संमतीपत्र देताना दोन्ही घटकांच्या याद्या समोर ठेवून हिशेब करावा. घरचे कारण मोठे असेल तर बदली जरूर घ्यावी, पण संमतीपत्र न वाचता सही करू नये.

रिक्त पदे निश्चित झाली की विभागीय पदोन्नती समिती यादीतील पात्र अंमलदारांचे अभिलेख तपासते. गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेले कामाचे मूल्यमापन), चालू किंवा प्रस्तावित विभागीय चौकशी, शिक्षेचा अंमल, मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र आणि लागू असेल तिथे जात वैधता प्रमाणपत्र हे सारे त्यात येते. गोपनीय अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ साली सांगितले आहे. म्हणून आपली प्रतवारी मागून घेण्यात संकोच बाळगू नये. कसुरी अहवालाचे, म्हणजे कामातील चुकीबद्दल वरिष्ठांनी पाठवलेल्या अहवालाचेही, तसेच आहे. खुलासा न देता गप्प बसलेल्या माणसाची छोटी कसुरी पुढे वेतनवाढ रोखण्याच्या शिक्षेपर्यंत जाते, आणि त्या शिक्षेचा अंमल संपेपर्यंत पदोन्नती थांबते.

चौकशी चालू असेल तर समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवतात. नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी त्यासाठी पुरेशी नाही, दोषारोपपत्र बजावलेले असले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानकीरामन निकालाने १९९१ मध्येच स्पष्ट केले. निर्दोष सुटल्यावर पाकीट उघडावे, असा अर्ज आपणहून करावा. कोणी आठवण ठेवील या भरवशावर राहू नये.

पदोन्नतीतील आरक्षणाबाबतचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले. हा वाद न्यायालयात गेलेला असल्याने प्रत्येक आदेशात 'न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून' ही ओळ असते आणि ती शोभेची नसते.

हवालदार व सहायक उपनिरीक्षक ही पदे घटकाच्या पातळीवर भरली जातात. पुढे उपनिरीक्षकाची यादी मुंबईत पोलीस महासंचालक कार्यालयात होते. त्या पदासाठी दीर्घकाळ ५० टक्के सरळसेवा, २५ टक्के मर्यादित विभागीय परीक्षा आणि २५ टक्के पदोन्नती असे प्रमाण होते. ते शासन बदलत असल्याने अभ्यासाला बसण्यापूर्वी ताजा शासन निर्णय पाहावा. हे पद मिळाल्यावर नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते, हे घरी आधीच बोलून ठेवलेले बरे.

अन्याय झाला असे वाटले तर आधी आज्ञांकित कक्षात (वरिष्ठ अधिकारी अंमलदारांच्या तक्रारी समक्ष ऐकतात तिथे) हजर राहून लेखी निवेदन द्यावे. सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर त्यापुढे एक वर्षाच्या आत, आणि नकाराचा अंतिम आदेश हाती पडला असेल तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट) अर्ज करावा लागतो. मॅटचे खंडपीठ संभाजीनगरलाच आहे, तेव्हा मुंबईची गाडी धरण्याची गरज नाही. तिथे वकील पहिल्यांदा काय मागतात, तर हरकतीच्या अर्जाची आवक क्रमांकासह पोच.