डोळ्यात औषध टिकवायचे कसे: थेंब, मलम आणि तर्पण

डोळ्यात औषध घालणे सोपे, ते तिथे टिकवणे अवघड. खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलीटर द्रव मावतो; बाटलीचा एक थेंबच ३० ते ५० भरतो. उरलेले गालावर, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात. आत पोचते ते बहुधा ५ टक्क्यांहून कमी. म्हणून दोन थेंब घातल्याने दुप्पट गुण येत नाही.

हात धुवा. औषध मुळातच गढूळ बनवलेले (सस्पेन्शन) असेल तर बाटली हलवा. मान मागे टाकून खालची पापणी ओढा आणि टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. डोळा अलगद मिटा. उघडझाप केली की औषध पंपासारखे नाकात ढकलले जाते. नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरा. टिमोलॉल या काचबिंदूवरच्या औषधासाठी हे विसरू नका: ते रक्तात गेले की नाडी मंदावते. दमेकऱ्याला तर त्याने धाप लागते, तेव्हा दम्याची माहिती डॉक्टरांना आधीच द्या. दुसरे औषध पाच मिनिटांनी. मलम शेवटी, कारण त्याच्या थरावरून पाण्यासारखा थेंब घसरतो.

सुश्रुतांच्या आश्च्योतनात, म्हणजे डोळ्यात थेंब सोडण्याच्या आयुर्वेदिक उपचारात, लेखनासाठी (साचलेला दोष खरवडून काढण्यासाठी) ७-८, स्नेहनासाठी (स्निग्धता देण्यासाठी) १० आणि रोपणासाठी (जखम भरण्यासाठी) १२ थेंब सांगितले आहेत. वरचा हिशेब पाहता यातले बरेचसे वाहूनच जाते. डोळा धुण्याचे काम मात्र होते.

टिकवण्याचा खरा विचार तर्पणात, म्हणजे डोळ्यावर तूप साठवून ठेवण्याच्या आयुर्वेदिक उपचारात, दिसतो. डोळ्याभोवती भिजवलेल्या उडदाच्या पिठाची दोन अंगुळे उंच पाळ, आत गरम पाण्यावर पातळ केलेले औषधी तूप, पापणीचे केस बुडेपर्यंत. ते ठेवायचे निरोगी डोळ्यास ५०० मात्रा (मात्रा म्हणजे एक अक्षर उच्चारायला लागणारा वेळ), वातविकारात १०००. मग बाहेरच्या कोपऱ्यातून तूप काढून घ्यायचे. पीठ कोरडे राहिले तर पाळ तडकते आणि तूप कानशिलावर ओघळते. सैल झाले तर पाळ बसते. तूप कोमटच हवे. नंतर काही वेळ धूसर दिसते, गाडी चालवू नका.

हे घरी करू नये. तुपात वाफ शिरत नाही, त्यामुळे ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेच्या यंत्राने) ते निर्जंतुक होत नाही. तेलकट पदार्थांना १६० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता दोन तास लागते. कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) जखम, पू, तीव्र वेदना किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर तर्पण नाहीच, आधी नेत्रतज्ज्ञ.

जेलन गम या घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाची आजची औषधे अश्रूतल्या क्षारांशी भेटताच घट्ट होतात, म्हणून ती जास्त वेळ टिकतात.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. वेष्टनावर वेगळे सांगितले नसेल तर चार आठवड्यांनी ती टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी.