बोकडाच्या डोळ्यावरून माणसाचा डोळा कसा शिकावा

या विच्छेदनाचं निम्मं यश मटणाच्या दुकानातच ठरतं. मुंडी विकण्याआधी ती बहुतेक ठिकाणी भाजतात. त्या आचेनं पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि भिंग पांढरं पडतं, मग आत बघण्यासारखं फार उरत नाही. म्हणून न भाजलेल्या मुंडीचे डोळे हवेत, असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. पुण्यात रविवारी सकाळी मटणवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा मधला वार धरा. डोळ्यामागे दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, सेंटिमीटरभर तुकडा आणि भोवतालचं मांस राहू द्यायला सांगा. कापायचं त्याच दिवशी. थांबावंच लागलं तर साध्या फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये बर्फ होऊन आतले थर फाटतात.

शस्त्रक्रियेच्या चाकूचं ११ नंबरचं ब्लेड, ३ नंबरचं हँडल, टोकदार कात्री, चिमटा, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढं पुरे. सदाशिव पेठेतल्या सर्जिकल दुकानांत हे मिळतं.

आधी पिवळी चरबी कात्रीनं काढा, पण लालसर पट्ट्या जपा. त्या डोळा फिरवणाऱ्या स्नायू आहेत आणि घाईत नेमक्या त्याच कापल्या जातात. माणसाला अशा सहा असतात: चार सरळ, दोन तिरक्या. वरची तिरकी स्नायू खोबणीतल्या एका कप्पीवरून वळून येते. कप्पी मुंडीतच राहते, त्यामुळे आपल्या हाती तिचं फक्त टोक लागतं. दृष्टिचेतेभोवती शंकूसारखा आणखी एक स्नायू दिसेल. तो डोळा आत ओढतो. माणसात तो नसतो, म्हणून माणसाच्या डोळ्याच्या आकृतीत काढू नका.

आता पारपटल आणि दृष्टिचेता यांच्या बरोबर मध्ये ब्लेडच्या टोकानं छोटं भोक पाडा. पांढरं आवरण चिवट असतं, ब्लेड घसरतं; गोळा दाबून धरला तर पाणी थेट तोंडावर उडतं. पुढचं काम कात्रीचं. टोक दोन-तीन मिलिमीटरच आत ठेवून गोल कापत जा. खोल गेलं की दृष्टिपटल, म्हणजे प्रतिमा पकडणारा आतला पडदा, फाटतं.

मागच्या अर्ध्यातला जेलीसारखा द्रव हळूच ओता. उरलेला पांढुरका नाजूक पापुद्रा म्हणजे दृष्टिपटल. ते चिमट्यानं ओढलं तर एकाच जागी चिकटून राहतं: तिथून चेता बाहेर पडते, तोच अंधबिंदू, जिथे पडलेली प्रतिमा दिसत नाही. खालची निळी-हिरवी चकाकी फसवी आहे. माणसात तिथे गडद तपकिरी थर असतो.

पुढच्या अर्ध्यात बुबुळाची बाहुली आडवी दिसेल, आपली गोल असते. भिंग सोडवून वर्तमानपत्रावर ठेवा, अक्षरं मोठी दिसतात. भिंगाभोवतीचं काळं कडं नीट बघा, त्यात समायोजनाचा, म्हणजे जवळचं-लांबचं स्पष्ट दिसावं म्हणून भिंगाचा आकार बदलणारा, स्नायू आहे. परीक्षेत इथेच गुण जातात: जवळचं बघताना हा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू त्यामुळे सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. तंतू ताणले जातात असं लिहिणं चूक.

शेवटी अवशेष कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात, आणि हत्यारं साबणानं धुऊन उकळत्या पाण्यात.