दहा पौंडांचा चाप: मॅसॅच्युसेट्समध्ये पिस्तूल निवडताना आणि चालवताना

मराठीत एखाद्या गोष्टीला चाप लावणे म्हणजे तिला आवर घालणे. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर चापालाच चाप लावला आहे. तेथील दुकानातून नवे पिस्तूल घेणाऱ्याच्या हाती अनेकदा असे मॉडेल पडते, ज्याचा चाप शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये मिळणाऱ्या त्याच मॉडेलच्या चापापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. नवखा नेमबाज पहिल्याच दिवशी सात मीटरवरच्या कागदी लक्ष्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जमलेली भोके पाहतो आणि एकतर पिस्तुलाला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांना. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या आणि कायदेशीर मार्गाने पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा चाप असा का आहे, तो कसा पारखावा आणि त्याच्यासह नेम कसा साधावा, हे सांगण्यासाठी हे लिहिले आहे. आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द चापासाठीही वापरतात आणि काडतूस पेटवण्यासाठी आघात करणाऱ्या हातोडीसाठीही. गोंधळ नको म्हणून येथे बोटाने दाबायच्या भागाला सर्वत्र चापच म्हटले आहे.

त्याआधी एक अट तपासून घ्यावी. एच-१बी, विद्यार्थी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत, आणि नेमबाजीच्या रेंजवर भाड्याचे पिस्तूल हातात घेणे हेही बाळगण्यातच मोजले जाते. ऑफिसातले सहकारी आग्रह करून शनिवारी रेंजवर नेतात, तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नसते. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करून स्थानिक पोलिसांकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो.

आता नियमाकडे वळू. १९९७ मध्ये राज्याचे तत्कालीन ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, स्कॉट हार्शबार्गर यांनी ग्राहक संरक्षण कायद्याने मिळालेल्या अधिकारात पिस्तूल-विक्रीचे नियम काढले, १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला आणि २००० पासून नियमांची अंमलबजावणी सुरू झाली. पाच वर्षांच्या सर्वसाधारण मुलाला ते पिस्तूल चालवता येऊ नये, अशी त्यातली एक अट आहे. ही अट पुरी करण्याचे तीन मार्ग नियमातच उदाहरणादाखल दिले आहेत: चापाचा दाब किमान दहा पौंड, म्हणजे सुमारे ४.५ किलो करणे. यंत्रणाच अशी बनवणे की एवढ्या लहान हाताला ती पेलणार नाही. किंवा गोळी सुटण्यापूर्वी एकापेक्षा अधिक क्रिया कराव्या लागतील अशी रचना करणे. दहा पौंडांचा आकडा लोकांच्या तोंडी इतका बसला आहे की उरलेले दोन मार्ग पुष्कळांना ठाऊकच नसतात. वस्तुतः हा आकडा नेमबाजाच्या सोयीसाठी किंवा त्याच्या अचूकतेचा विचार करून ठरवलेलाच नाही. तो एका लहान मुलाच्या बोटातल्या ताकदीवरून आलेला आहे, आणि मोठ्या माणसाला होणारा सगळा त्रास त्यातूनच उद्भवतो.

त्रास नेमका काय, हे आकड्यांत पाहिले की लगेच कळते. प्लास्टिकच्या सांगाड्याचे मध्यम आकाराचे रिकामे पिस्तूल साधारण सातशे ग्रॅम भरते. त्याच्या चापावर साडेचार किलोचा जोर लावायचा म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या सहापट जोर एका तर्जनीने लावायचा, आणि तेवढ्या वेळात नळी मात्र तसूभरही हलू द्यायची नाही. नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर पंधरा सेंटिमीटर धरले, तर माशी एक मिलिमीटर सरकल्याने सात मीटरवर गोळी जवळजवळ पाच सेंटिमीटर भरकटते. तुलनाच करायची तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारात चापाचा किमान दाब १००० ग्रॅम असावा लागतो, आणि पिस्तूल उभे धरून त्याच्या चापावर तेवढे वजन टांगून पंच तो तपासतात. मॅसॅच्युसेट्समधला सामान्य ग्राहक पहिल्याच दिवशी त्याच्या साडेचारपट ओझे बोटावर घेतो.

जड चापाचा प्रयोग केवळ ग्राहकांवर झालेला नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हरकडून ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांकडे वळताना, अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून, बारा पौंडांचा चाप पसंत केला. तुलनेने, ग्लॉक या कंपनीच्या पिस्तुलांचा नेहमीचा चाप साडेपाच पौंडांच्या आसपास असतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन अधिकाऱ्यांनी एका सशस्त्र हल्लेखोरावर १६ गोळ्या झाडल्या आणि त्या गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी नऊ पादचारी जखमी झाले, तेव्हा या चापाची चर्चा नव्याने झाली. त्या घटनेचे सगळे खापर चापावर फोडणे मला पटत नाही, कारण गर्दीचा पदपथ, क्षणांत घ्यायचा निर्णय आणि दगडी बांधकामावर आपटून उडालेले तुकडे यांचाही त्यात वाटा होता. पण जड चाप चुकून सुटणारी गोळी अडवताना हेतुपूर्वक झाडलेल्या गोळीचा नेम बिघडवू शकतो, हा सौदा त्यामुळे सर्वांसमोर आला.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे हे मॉडेल मुलांविषयीची अट कशाच्या बळावर पुरी करते: चापाच्या जडपणाने की दुसऱ्या एखाद्या यंत्रणेने. अंगठ्याने खाली करायचा सुरक्षा-खटका असलेले एखादे मॉडेल हलक्या चापासह कायदेशीरपणे मिळत असेल, तर नवशिक्याने प्रथम ते हातात घेऊन पाहावे, असे माझे मत आहे. मात्र तो खटका दर वेळी न चुकता सोडण्याची सवय लावून घ्यावी लागते. दुसरे असे की विक्रीस मंजूर पिस्तुलांच्या राज्याच्या यादीत मॉडेलचे नाव असणे आणि ॲटर्नी जनरलच्या नियमांत ते बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिस्तूल भरलेले आहे हे दाखवणारी खूण, किंवा मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) काढताच गोळी सुटू न देणारी व्यवस्था, यांपैकी एक नियमांना हवी असते. ग्लॉकवरची खूण पुरेशी स्पष्ट नाही असे राज्याचे म्हणणे होते, आणि खुणेची ही अटच संदिग्ध आहे हा त्याविरुद्धचा दावा २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने फेटाळला. २१ ऑक्टोबर १९९८ रोजी राज्यात कायदेशीरपणे कोणाच्या तरी मालकीच्या असलेल्या पिस्तुलांना या नियमांतून सूट आहे, म्हणून त्या काळातली जुनी पिस्तुले तिथे अवाजवी भाव खातात.

पहिल्या गोळीला चाप जड आणि पुढच्या गोळ्यांना हलका, अशा जुन्या धाटणीच्या पिस्तुलांचाही विचार करावा. सिग सॉअर पी-२२६ मध्ये घोडा खाली असताना चापाला सुमारे दहा पौंड लागतात आणि घोडा मागे गेल्यावर साडेचारच्याही आत. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीतला हा फरक बोटाला सांभाळता आला पाहिजे. तो न सांभाळल्याने दुसरी गोळी मनात येण्यापूर्वीच सुटते. ज्याला रोज थोडा सराव करायचा आहे त्याच्यासाठी ही चांगली निवड आहे, वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्यासाठी नव्हे.

पिस्तूल घरी आल्यावर चापाचा दाब मोजून ठेवावा. मॅगझिन बाहेर काढावे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवावी, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे, आणि सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावावे. हे करताना कोणाशी बोलू नये, फोनही घेऊ नये. मध्ये थांबावे लागले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर स्लाइड पुढे सोडून चाप मोजण्याच्या काट्याचा हुक चापाच्या बरोबर मध्यावर, जिथे बोट टेकते तिथे, अडकवावा आणि नळीला समांतर, सरळ मागे, सावकाश ओढावे. हुक खाली टोकाकडे सरकला तर तरफेचा फायदा मिळून वाचन कमी येते, आणि मग दुकानदाराने फसवले अशी उगाच शंका येते. दहा वेळा मोजून सरासरी काढावी व तारखेसह लिहून ठेवावी. पुढे काही महिन्यांनी हा आकडा अचानक उतरला, तर चाप मऊ झाला म्हणून खूश होऊ नये. एखादी स्प्रिंग कमकुवत झाली असेल किंवा एखादा भाग झिजला असेल, तेव्हा पिस्तूल जाणत्या कारागिराला दाखवावे.

आता हाताकडे येऊ. हलक्या चापासाठी तर्जनीचे फक्त टोक पुरते, आणि बहुतेक शिक्षक तेच शिकवतात. जड चापाला ते पुरत नाही. बोट थोडे अधिक आत घालून पहिल्या सांध्याच्या घडीजवळ चाप घ्यावा, मात्र त्यामुळे बोट पिस्तुलाच्या अंगाला घासू लागले तर तितके आत घालू नये. पकडीचा भार मुख्यतः आधाराच्या, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने डाव्या, हातावर टाकावा. उजवी मूठ गच्च आवळली की तर्जनीबरोबर बाकीची तीन बोटेही आपोआप आवळली जातात, आणि नळी खाली डावीकडे ओढली जाते ती तिथेच. चाप एकाच संथ गतीने, न थांबता, शेवटपर्यंत न्यावा. माशी किंचित डुलतेच. ती डुलू द्यावी. ती नेमकी मध्यावर आल्याचा क्षण पकडून चाप हिसकणे, ही जड चापावरची सर्वांत महागडी चूक आहे.

ही चूक स्वतःची स्वतःला दिसत नाही, म्हणून ती उघडी पाडण्याची एक जुनी युक्ती आहे. आमच्या ओळखीतले साठीला आलेले एक गृहस्थ चाप फार जड आहे म्हणून पिस्तूल विकायला निघाले होते. त्यांच्या पुतण्याने रेंजवर त्यांना पाठ फिरवायला लावून मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये दोन डमी काडतुसे मिसळली. “काका, आता नेहमीसारखे झाडा,” एवढेच तो म्हणाला. तिसऱ्या वेळी नुसता खट् असा आवाज आला, गोळी सुटली नाही, आणि तरीही नळीने बोटभर खाली डुबकी मारली. काकांनी पिस्तूल खाली टेकवले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे धक्का पिस्तूल देत नव्हते, मीच देत होतो.” बार होणार या धास्तीने हात आधीच झुकत होता, आणि जड चापामुळे त्या झुकण्याला वेळही भरपूर मिळत होता. मात्र खट् झाल्यावर लगेच स्लाइड ओढू नये. काडतूस खरे असून उशिरा पेटणारे असेल, या शक्यतेने नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे.

घरचा सराव रिकाम्या पिस्तुलाने करावा आणि त्याला वर सांगितलेली रिकामे करण्याची शिस्त दर वेळी लावावी. नळी अशा दिशेला असावी जिथे चुकून गोळी सुटलीच तरी ती अडेल. अमेरिकी घरांतल्या जिप्समच्या भिंती गोळी अडवत नाहीत, तेव्हा तळघराची काँक्रीटची भिंत बरी. माशीच्या मागे स्लाइडवर डाइमचे एक नाणे ठेवून, ते न पाडता चाप शेवटपर्यंत न्यायचा. पहिल्या आठवड्यात नाणे सारखे पडते. रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक करू नये, कारण थकलेले बोट चुकीचीच सवय लावते. साधारण महिनाभराने जडपणा तेवढाच राहतो, पण तो हाताला जाणवेनासा होतो. आपले मॉडेल रिकामे चालवल्यास काडतूस पेटवणाऱ्या फायरिंग पिनला इजा होते का, हे पुस्तिकेत पाहावे आणि शंका असल्यास सरावाची डमी काडतुसे वापरावी.

चापच हलका करून घ्यावा का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नियम विक्रेत्याला उद्देशून आहे हे खरे, पण इंटरनेटवरची चित्रफीत पाहून स्वयंपाकघराच्या टेबलावर स्प्रिंग बदलण्याला माझा सक्त विरोध आहे. चापाच्या जोडीला असलेल्या सुरक्षा-अडसरांवर त्याचा परिणाम झाला, तर पिस्तूल नुसते पडूनही गोळी सुटू शकते. आधी हजारेक गोळ्यांचा सराव करावा, आणि त्यानंतरही बदल हवासा वाटला तर वकिलाचा सल्ला घेऊन, उत्पादकाचेच भाग वापरणाऱ्या कारागिराकडून तो करून घ्यावा.

घरात मूल असेल तर चापाच्या दहा पौंडांवर मुळीच विसंबू नये. पाच वर्षांचे मूल दोन्ही हातांचे अंगठे चापावर लावू शकते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला तर एवढाही खटाटोप करावा लागत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार जवळ न बाळगलेले पिस्तूल कुलूपबंद पेटीत, किंवा सहज न निघणारे कुलूप लावूनच ठेवावे लागते. पेटी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करावी, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावी, आणि पेटीचा आकडी संकेत मुलाच्या वाढदिवसाच्या तारखेवरून ठेवू नये, कारण मुले सर्वांत आधी तोच लावून पाहतात.