फिलिपिनो चाकूच्या सेमिनारला जाणार असाल तर एवढं बघून जावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तालमीतली, कराटेतली, मर्दानी खेळातली पोरं कालीबद्दल, म्हणजे फिलिपिन्सच्या काठी-चाकूच्या विद्येबद्दल विचारालेत म्हणून लिहितोय. आपल्याकडनं सेमिनार म्हटलं की बहुतेक पुणे, गोवा नाहीतर बेंगळूर गाठायचं, म्हणजे रजा टाका, फी भरा, राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्रभर बसा, मग एवढं करून जायचं तर नुसते फोटो काढून यायला नको की.

आर्निस, एस्क्रिमा, काली ही एकाच घराण्यातली नावं. फिलिपिन्सनं २००९ साली कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. ह्यात हत्यार पहिल्यापासून हातात देतात, मोकळ्या हाताचं नंतर, कारण वार कुठल्या कोनातनं येतोय ते ओळखायचं, मग त्या कोनात काठी असो, चाकू असो की बुक्की. कोनांना नंबर असतात आणि ते प्रत्येक स्कूलचे वेगळे, त्यामुळं 'आमच्यात तीन नंबर असा नाही' म्हणून सरांशी वाद घालत बसू नका, दोन दिवस त्यांचेच नंबर धरा.

सामान थोडंच. वेताची काठी, साधारण २८ इंची. ट्रेनिंगचा चाकू रबरी किंवा लाकडी, ॲल्युमिनियमचा असेल तर धारेच्या बाजूनं कापूस फिरवून बघा, अडकला तर तिथं कुसं निघालीत, पॉलिश पेपर मारा नाहीतर पार्टनरचं मनगट सोलून निघतं. डोळ्याला गॉगल पाहिजेच, चष्म्यावर भागवू नका. नखं कापा, हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. खरा चाकू बॅगेत अजिबात नको, राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बॅग उघडायला लावली तर ट्रेनिंगचा चाकूसुद्धा समजावून सांगावा लागतो, म्हणून सेमिनारचा मेसेज मोबाईलवर काढून ठेवा.

आता खरी गोष्ट पार्टनरची. माझं ठाम मत आहे की सेमिनार सरांवर निम्माच, बाकी निम्मा तुमच्यासमोर कोण उभा आहे त्याच्यावर. जो वार देतो तो फीडर, आणि चांगला फीडर होणं हीच तिथं जाऊन शिकायची गोष्ट. वार हळू द्या पण नेमका द्या, पोटावर म्हणजे पोटावरच, अंतर असं ठेवा की समोरचा हलला नाही तर चाकू खरंच टेकला पाहिजे. पुष्कळजण भिडेपोटी चाकू वीतभर अलीकडंच थांबवतात, मग समोरचा हवेतला वार अडवायला शिकतो आणि त्याला वाटतं आपल्याला जमलं. तालमीतल्या पोरांचं उलटं, पहिल्याच वाराला खांद्यातनं जोर काढतात. कन्नड भाषिक पार्टनर 'निधान, निधान' (हळू, हळू) म्हणतोय तर ते ऐकायचं, वेग सर सांगतील तेव्हा वाढवायचा. आणि रिकामा हात लोंबकळत सोडू नका, छातीजवळ ठेवा, ह्या विद्येत समोरच्याचा हात दाबायचं, वळवायचं काम त्याच हाताचं.

हुबुड नावाचा ड्रिल बहुतेक होतोच, पुढच्या हातांनी एकमेकांचा वार वळवत राहायचा गोल फिरणारा खेळ. ती मारामारी नव्हे, स्पर्शावरनं समोरचा कुठं जोर लावतोय ते ओळखायची सवय आहे ती, तेवढ्यासाठीच करा.

एक प्रयोग सर घेत नसतील तर मागून घ्या. जुना पांढरा फुल बाह्यांचा शर्ट घाला, ट्रेनिंग चाकूच्या धारेला लिपस्टिक फासा, आणि एक मिनिट पार्टनरला मनासारखे वार करू द्या, तुम्ही फक्त अडवा. मिनिट झालं की बाह्या बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, एखादी रेघ मानेवर. चाकू हिसकावून घ्यायच्या ज्या ट्रिका सकाळी छान जमल्या होत्या त्या ह्या मिनिटात क्वचितच लागतात. म्हणून रस्त्यावर कुणी चाकू काढला तर मोबाईल, पैसे देऊन टाका, पळा, ११२ लावा. पळायला जागाच नसेल तेव्हाचं हे शिक्षण आहे. कुणाला लागलंच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही.

व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा. जमलं तर गावातल्याच एकाला बरोबर न्या, कारण परत आल्यावर आठवड्यातनं दोनदा तरी सराव करायला समोर माणूस पाहिजे, एकट्यानं नुसत्या आरशापुढं फीड मिळत नाही. आणि शिकलेले ड्रिल त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या वहीत उतरवून काढा, कोण कुठल्या पायावर उभा होता ते धरून.