इंजिन बंद असताना रेंज पूर्ण, चालू होताच कमी: टर्बाइन जेटमधला दोष कसा शोधावा

रिमोटवर उडवायच्या, छोट्या टर्बाइन इंजिनच्या मॉडेल जेटचा सिग्नल हवेत तुटला की हात आधी रिसीव्हर (विमानातला सिग्नल पकडणारा भाग) बदलायला जातो. त्याआधी त्या उड्डाणाची टेलिमेट्रीतली (विमानाने रेडिओवरून परत पाठवलेल्या आकड्यांची) नोंद उघडा. सिग्नल गेला त्याच क्षणी रिसीव्हरचा व्होल्टेज कोसळला असेल, तर रेडिओला हात लावू नका, बॅटरी, रेग्युलेटर आणि स्विच तपासा. अनेक रिसीव्हर ३.५ व्होल्टच्या आसपास बंद पडून पुन्हा सुरू होतात. त्यात दोन सेकंद गेले तरी ताशी २०० किमी वेगाचं विमान शंभर मीटरहून जास्त पुढे जातं. साध्या मल्टिमीटरला हा क्षणिक खड्डा दिसत नाही. चाकं आणि सगळे सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम हलवा आणि नोंदीतला किमान आकडा वाचा.

व्होल्टेज नीट असेल तर आधी इंजिन बंद ठेवून रेंज मोजा. ही चाचणी नागपुरात धरमपेठ किंवा प्रतापनगरच्या गच्चीवर करू नका. आजूबाजूच्या घरांतले वाय-फाय राउटरही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि आकडे फसवे येतात. जिथे उडवता त्या मोकळ्या जागी जा. विमान मीटरभर उंच लाकडी टेबलावर ठेवा, गाडीच्या टपावर नको. ट्रान्समीटर रेंज-चेकमध्ये (कमी शक्तीच्या चाचणी स्थितीत) टाकून माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरावर उभे राहा. बऱ्याच सेटना ते ३० पावलं असतं. सोबत्याला विमान नाक, शेपूट, दोन्ही कुशी असं फिरवायला सांगा आणि सर्व्हो कुठे अडखळतात ते लिहून ठेवा.

एकाच बाजूने अडखळले तर अँटेना चुकीच्या जागी आहे. कार्बन फायबर सिग्नल अडवतं आणि धातूचा टेलपाइप (गरम वायू मागे नेणारी नळी) व टर्बाइनही आड येतात. अँटेनाचं शेवटचं ३१ मिमी उघडं टोकच काम करतं, मागची केबल कशीही नेली तरी चालते, फक्त तीव्र वळण नको. दोन अँटेनांची टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवा, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि इंधनपंपापासून लांब. कवच कार्बनचं असेल तर टोकं प्लास्टिकच्या नळीतून बाहेर काढा. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत दुहेरी टेपचा गोंद मऊ होतो आणि टोक सुटून कार्बनवर जाऊन पडतं. काल नीट असलेलं विमान आज अडखळतं ते यामुळेही. नळी बांधून घट्ट करा, टेपवर विसंबू नका.

आता इंजिन बंद आणि चालू यांतला नेमका फरक शोधायचा. आधी फक्त पंप चालवा. इंधननळी इंजिनपासून काढून डब्यात सोडा, नाहीतर टर्बाइनमध्ये केरोसीन साचतं आणि पुढच्या स्टार्टला ज्वाळा उठतात. पंप फिरताच सर्व्हो थरथरले तर पंपाच्या ब्रशांच्या ठिणग्या दोषी आहेत. पंपाच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून त्याच्या धातूच्या खोळीला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा (काही पंपांत तो आधीच असतो), दोन्ही तारा एकमेकींत पिळा. ईसीयूची थ्रॉटल तार रिसीव्हरजवळ फेराइट रिंगमधून तीन-चार वेढे घेऊन न्या, कारण हा गोंधळ बहुधा तारेतूनच आत शिरतो.

नळी परत जोडून, डब्यातलं केरोसीन टाकीत भरून इंजिन सुरू करा. विमान घट्ट धरलेलं, सीओ२ अग्निशामक हाताशी, मागे आणि टर्बाइनच्या चाकाच्या रेषेत कोणी नाही. आयडल (इंजिनचा सर्वांत कमी वेग), अर्धा, पूर्ण, तिन्हींवर तेच अंतर मोजा. ३० पावलांची २० झाली तर उडवू नका. पंपाच्या वेळी सगळं ठीक होतं आणि इथेच बिघडलं, तर कंपनात ढिले होणारे कनेक्टर आणि एकमेकांवर घासणारे धातूचे भाग शोधा. टेलपाइप इंजिनच्या पट्टीला घासत असेल तर दोन्ही तारेने जोडा किंवा मध्ये उष्णता सोसणारा इन्सुलेटर घाला.

शेवटी आयडलवर ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने आपोआप घ्यायची स्थिती) तपासा. थ्रॉटल इंजिन बंद करण्याच्या स्थितीवर गेला पाहिजे. तो आधीच्या जागी अडकून राहिला तर फेलसेफ नव्याने भरा आणि हीच तपासणी पुन्हा करा.