थायरॉईडचा डोस वाढवून घेण्याआधी: डॉक्टरांशी बोलताना या चुका टाळा

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हे वाढतं) ९ आला की थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची होते. डॉक्टरांसमोर फक्त आकडा असतो. सहाला गोळी आणि सहा-पाचला दुधाचा चहा, हे त्या कागदावर छापलेलं नसतं.

‘गोळी रोज घेते’ एवढंच सांगणं

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची ही गोळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा ते एक तास चहा-कॉफीही नको. ही गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड यांच्यात चार तासांचं अंतर हवं, कारण ती आतड्यात या औषधाला धरून ठेवतात आणि गोळी रक्तात पुरती उतरतच नाही. रविवारी मिसळीला निघताना गाडीवर बसता बसता गिळलेली गोळीही यातच मोडते. दोष मिसळीचा नाही, घाईचा आहे.

खरा घोळ पुढे होतो. चुकीच्या सवयीवर डोस वाढतो, मग कुणीतरी अंतर ठेवायला सांगतं, गोळी नीट शोषली जाते, औषध जास्त होतं आणि टीएसएच खाली ०.१ वर जातो. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. असंच बरेच महिने चाललं तर हाडं ठिसूळ होतात, आणि वयस्करांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

म्हणून जाण्याआधी चिठ्ठीवर लिहा: गोळीची वेळ, त्यानंतर काय आणि किती मिनिटांनी, बाकीच्या गोळ्या कोणत्या. चुकलेल्या गोळ्या आठवत बसू नका, बाटली मोजा. १०० गोळ्यांची बाटली १ जूनला उघडली आणि रोज एक घेतली, तर ती ८ सप्टेंबरला संपते. त्या दिवशी १५ उरल्या असतील तर १५ चुकल्या. हे सांगायला लाजू नका; नाहीतर त्या १५ गोळ्यांची भरपाई म्हणून डोस वाढेल.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करत असाल तर तेही सांगा. जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा पर्याय असतो, पण तो डॉक्टरांना विचारून.

दोन आठवड्यांत पुन्हा तपासणी

या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला सहा आठवडे जातात. त्याआधीच्या आकड्यावर डोस ठरवणं म्हणजे भाताला एक वाफ येताच झाकण काढणं. सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळी रक्त द्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. त्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. तपासणीसाठी आधीचे दोन-चार दिवस गोळी बंद ठेवू नका.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आवर्जून सांगा. लॅबच्या काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. ते किमान दोन दिवस आधी थांबवायला सहसा सांगतात.

कंपनी बदलली, सांगितलं नाही

मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर जुनं झाकण किंवा लेबल फाईलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. पावसाळ्यात बाटली गॅसच्या ओट्यावर नको. उष्णता आणि दमट हवा दोन्ही या गोळीला मारक.

वजनासाठी डोस मागणं

टीएसएच योग्य असताना डोस वाढवून वजन उतरवणं म्हणजे हृदयाशी खेळ. थकवा तरीही असेल तर हिमोग्लोबिन, बी १२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हे विचारा.

गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. औषधाची गरज पहिल्या आठवड्यांतच वाढते. आणि छातीत दुखणं किंवा श्वास लागणं सुरू झालं तर डोसची चर्चा नंतर, आधी थेट दवाखाना गाठा.